बायांची ओटी

गोजरच्या नातवाच्या अंगात बाया आल्या, आणि सिद्धगडाच्या पायथ्याची ती वाडी ओटी घेऊन तिच्या दारात लोटली. गोवराला त्या वाडीत आजार नाही, बाया म्हणतात. देवी पाहुणी येते, आणि तिचं सगळं नीट बघावं लागतं: दाराला कडुलिंब, घरात फोडणी बंद, औषधाचं नाव नाही. शिवाय लेकुरवाळीनं आपलं मूल क्षणभर त्या पोराशेजारी निजवायचं, म्हणजे देवी त्यालाही ओळखते आणि पुढं छळत नाही. हे कुणी काढलं कुणास ठाऊक, पण मोडायची हिंमत कुणात नव्हती.

सावळी मात्र लेकीला कडेवर घेऊन सगळ्यांच्या मागं रेंगाळत होती. तिच्या बारकीला गोवराचं इंजेक्शन दिलंच नव्हतं. आधीच्या सुईनं पोर तापली होती, म्हणून नर्सबाई वाडीत आल्या त्या दिवशी सावळी तिला पाठीशी बांधून खुशाल रानात निघून गेली. आपण केवढ्या हुशार, असंही तेव्हा तिला वाटलं होतं.

आत पोरगा पडला होता. डोळे लाल, नाक वाहतंय, आणि खोकला असा की ऐकणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा. सावळी उंबऱ्यातच थबकली.

"टेकव गो तिला," गोजर म्हणाली. "का, बायांना नाय म्हणतेस?"

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. एवढ्या डोळ्यांसमोर नाही म्हणायला जी छाती लागते ती सावळीकडे नव्हती. तिनं बारकीला निजवलं. पोरगा तिच्या तोंडावर खोकला, बारकी खुदकन हसली, आणि बायकांना त्याचं फार कौतुक वाटलं.

पोरगा त्याच आठवड्यात गेला. मग घराघरांतून खोकला ऐकू यायला लागला. सावळी रोज उठली की आधी पोरीचं कपाळ चाचपायची. एका सकाळी ते चटका बसेल एवढं तापलेलं होतं.

सासू कडुलिंब तोडायला गेली, तेवढ्यात सावळीनं पोर उचलली आणि फाट्यावर येऊन मुरबाडची जीप धरली. बारकीच्या कानामागं पुरळ उठलं होतं, श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या. सरकारी दवाखाना गाठायचा, दुसरं काही सावळीला सुचत नव्हतं. मागून दुसरी जीप कधी येईल याचा नेम नव्हता.

शेजारच्या बाईच्या मांडीवर बिनदातांचं बाळ होतं. ती सरकून म्हणाली, "दे गो माझ्याकडं जरा. थकलीस तू."

गप्प बसलं तर मुरबाड येणार होतं. बोललं तर इथंच उतरावं लागणार होतं. सावळीनं पोर छातीशी आवळली.

"लांब बस, बाय. हिला गोवर आलाय."

"थांबव रे गाडी!" मागून कुणीतरी ओरडलं.

जीप थांबली. तिला उतर असं कुणी म्हटलं नाही, सगळे नुसते बाहेर बघत राहिले. सावळी उतरली. जीप वळणाआड गेली, आणि ती त्याच रस्त्यानं मुरबाडकडे पळायला लागली. बारकी आता खोकतही नव्हती.