तात्यासाहेबांच्या गाडीचा क्लच

पोलीस अ‍ॅक्शननंतर हैदराबादेस कायमचे निघून जाताना एका जहागीरदाराने आपली दोन आसनांची विलायती गाडी लासूर स्टेशनच्या तात्यासाहेबांच्या स्वाधीन केली. केवळ वेगासाठी घडविलेले असे वाहन त्या पंचक्रोशीत दुसरे नव्हते. तिचे लांबलचक नाक, चामडी पट्ट्याने आवळलेले बॉनेट आणि एंजिनाचा धीरगंभीर स्वर यांची वर्णने बाजाराच्या दिवशी आवडीने केली जात. तात्यासाहेबांनी ती अखेरपर्यंत सांभाळली. गतवर्षी ते निवर्तले आणि गाडी त्यांचे चिरंजीव काकासाहेब यांच्याकडे औरंगाबादेस आली.

काकासाहेबांची पितृभक्ती मोठी होती. त्यांनी स्टिअरिंगसमोर तात्यासाहेबांची लहानशी तसबीर बसविली. गाडीत बसण्यापूर्वी ते जोडे काढून आसनामागे ठेवीत, गाडीच्या दाराच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळी लावीत, आणि मगच किल्ली फिरवीत. पत्नी मनकर्णाबाई यांनीही तोच परिपाठ ठेवला होता.

सपाट रस्त्यावर गाडी उत्तम धावे. खुलताबादच्या घाटात मात्र तिचे अवसान गळे. एंजिन गर्जत राही, चाके मंदावत जात, आणि काहीतरी करपल्याचा वास पसरे. भद्रा मारुतीच्या दर्शनाचा संकल्प असा दोनदा अर्ध्या घाटातच राहिला होता.

अखेर मनकर्णाबाईंनी निर्णय दिला. "मागच्या खेपेला मेंढरं आपल्या पुढं गेली. मेंढक्यानं इचारलं, दोरी लावू का म्हणून. लई झालं आता. या रविवारी गाडी वर चढली तर घरात ऱ्हाईल. नाय चढली, तर सोमवारी ते पुण्याचे पाहुणे येतेत, त्यांना देऊन टाका."

पुण्याचे ते गृहस्थ जुन्या गाड्यांचे शौकीन होते आणि या गाडीसाठी कधीचे मागे लागले होते. काकासाहेबांनी शब्द दिला खरा, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेले नाही.

शनिवारी दोघे शहागंजात सत्तार मिस्त्रींच्या गॅरेजवर गेले. मिस्त्रींनी तक्रार ऐकून घेतली आणि मान हलविली. "एंजिन ओरडतंय अन् गाडी जागची हलत नाही, म्हणजे क्लच सरकतोय, काकासाब. दो थाळ्या समजो. एक एंजिनकी, एक चाकाकडची. दोन्ही एकमेकीला घट्ट धरून फिरतात. तुमी पेडल दाबलं की सुटतात. पकड ढिली पडली की अंदर घासतात. वास उसीका."

त्यांनी खाली वाकून क्लचच्या डब्याला कुठे तेल पाझरले आहे का ते पाहिले. डबा कोरडा होता. पेडल बोटाने दाबून त्याची मोकळी चाल तपासली. ती योग्य होती. मग हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून, एंजिन चढवीत त्यांनी पेडल सोडले. एंजिन एक आचका देऊन बंद पडले.

"देखो. क्लच सरकत असता तर एंजिन चालूच राहिलं असतं," मिस्त्री म्हणाले. "पण घाट दाखवल्याशिवाय मी बोलत नाही." ते एकटेच गाडी घेऊन गेले आणि पार खुलताबादची वेस गाठून आले. "हरणावानी चढली."

"तुमच्या हाती चढते आणि माझ्या हाती नाही?" काकासाहेब व्यथित झाले.

"पेडलपर पाँव रखके तो नहीं चलाते?"

"मिस्त्री, मी काय शिकाऊ उमेदवार आहे?"

मिस्त्री चपापले आणि त्यांनी गाडीची किल्ली परत केली. परतताना काकासाहेब तसबिरीकडे पाहून खोल आवाजात म्हणाले, "तात्यांची माझ्यावर नाराजी असावी."

"मामंजी नाराज असते तर सपाटीवरच थांबवलं असतं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "घाटापर्यंत वाट बघायचा सोभाव नव्हता त्यांचा."

रविवारी सकाळी ते निघाले. दौलताबाद मागे पडले, चढ लागला, आणि पहिल्याच वळणावर एंजिनाचा स्वर वर गेला व गाडी मागे रेंगाळू लागली. करपल्याचा परिचित वास आला. काकासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी तसबिरीकडे पाहिलेही नाही.

मनकर्णाबाई मात्र आसनावर मांडी घालून बसल्या होत्या. खालचा पत्रा एंजिनाच्या उष्णतेने इतका तापला होता की पाय ठेवणे अशक्य होते. त्यांनी सहज विचारले, "अहो, तुमचे पाय भाजत नाय का?"

"उजवा असतो अ‍ॅक्सिलरेटरवर."

"अन् डावा?"

"तो क्लचवर जरा टेकवून ठेवतो. एवढ्या तापलेल्या पत्र्यावर कसा ठेवू?"

मनकर्णाबाईंनी वाकून त्या पायाकडे पाहिले. "काल मिस्त्रींनी हेच इचारलं नव्हतं का तुमाला?"

"ते पेडल दाबण्याबद्दल विचारत होते. मी दाबत नाही. नुसता टेकवतो."

"पाटावर टेकवला तर टेकवला. हितं त्या थाळ्या आपली पकड सोडतेत. मिस्त्री बूट घालून गेले व्हते. त्यांचा पाय खाली व्हता."

काकासाहेबांनी गाडी कडेला घेतली. कारण उघड झाले होते, परंतु उपाय त्यांना रुचत नव्हता. "तात्यांच्या तसबिरीपुढे पायांत जोडे घालून बसू?"

"मामंजींना अनवाणी गाडी चालवताना कधी बघितलं का तुमी? काळे बूट घालायचे, चकचकीत. मीच पुसून द्यायची."

हे निर्विवाद होते.  काकासाहेबांनी मागे हात घालून जोडे काढले, तसबिरीस हात जोडले आणि संकोचत ते पायांत चढविले. डावा पाय त्यांनी पत्र्यावर असा जपून ठेवला, जणू ते तो परक्याच्या घरात ठेवीत होते.

"आता उचलू नका," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि उरलेला घाटभर त्यांनी त्या पायावरची नजर काढली नाही.

गाडीने जडपणा टाकला. एंजिनाचा स्वर आणि चाकांचा वेग एकमेकांच्या हातात हात घालून चढू लागले. वळणामागून वळण मागे पडले. एका कडेला शेळ्या राखणारी बाई पदर सावरीत बाजूला झाली. तिला ओलांडून जाताना मनकर्णाबाईंनी अंमळ ताठ होऊन बसण्याचे सुख घेतले. माथ्यावर वारा लागला, तेव्हा काकासाहेबांनी तसबिरीकडे पाहिले.

भद्रा मारुतीपुढे नारळ फुटला. बाहेर येताच काकासाहेबांनी भीत भीत विषय काढला. "उद्या पुण्याचे पाहुणे येणार. त्यांना काय सांगू?"

"त्यांना जेवू घाला पोटभर," मनकर्णाबाई म्हणाल्या. "अन् सांगा, गाडी चांगली निघाली, म्हणून ठिवून घेतली."