लुगड्याला हार, नाड्याला खांब

मित्रांनो, मी एक जुना नाडा आहे. पायजम्याचा नव्हे, बैलगाडीवर कापसाचा भार आवळतो तो जाड दोर! आणि खरं सांगायचं तर मला एका लुगड्याचा हेवा वाटतो.

बेला गावाजवळच्या एका खेड्यात पांडुरंगरावांनी अंबाडी नाल्यात भिजवून, सोलून मला वळलं. कितीतरी हंगाम मी त्यांचा कापूस आदिलाबादच्या बाजारात पोचवला. गाडी कलली, पण भार कधी सुटला नाही. ‘नाडा असावा तर असा,’ असं व्यापारीसुद्धा म्हणत आणि मी फुगून जाई.

मागच्या पोळ्याला बैलांचे कासरे नवे झाले, तसा नायलॉनचा नवा नाडाही घरात आला. मला गाडीवरून उतरवलं. पण कापसाच्या वेचणीआधी सीतादहीची पूजा होते, ती झाल्याशिवाय नवा नाडा गाडीला लावायचा नाही, हा त्या घरचा रिवाज. म्हणून तो गेला माळ्यावर आणि मी अंगणात दोन खांबांना बांधला गेलो. पांडुरंगरावांच्या पत्नी बयनाबाई माझ्यावर रोज त्यांचं हिरवं लुगडं वाळत घालू लागल्या. ते माझ्या अंगावर ठिबकत राही आणि मी मुकाट्यानं सोसत राही.

मग नाल्याला पूर आला. पांडुरंगराव आणि बयनाबाई शेतातून गाडीनं परतत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत पोस्टातले सुधाकरराव आणि त्यांची लेक हर्षाली मोटारसायकलसकट रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, वाहून गेले. दोघांनी कशीबशी एक बाभूळ धरली. पांडुरंगरावांनी सवयीनं गाडीत हात घातला. नाडा नव्हता! तेव्हा बयनाबाईंनी लाज बाजूला ठेवली आणि अंगावरचं तेच हिरवं लुगडं सोडून पाण्यात फेकलं. बापलेक वाचले.

पुढे आदिलाबादला मोठा कार्यक्रम झाला. बयनाबाईंना शौर्याचं पदक मिळालं, शाल मिळाली. त्याचं मला वाईट वाटलं नाही. पण लुगड्यालाही हार! ते आता भिंतीतल्या देवळीत घडी करून ठेवलं होतं आणि येणारेजाणारे त्याला हात लावून नमस्कार करत. ते मधोमध फाटलं होतं, पण फाटका भाग घडीत झाकला होता. मी जळून खाक झालो. जे फाटलं त्याची पूजा आणि जो कधी तुटला नाही त्याच्यावर ओले टॉवेल!

एका सकाळी शेजारच्या कुसुमबाई अंगणात आल्या. “बयनाबाई, तुया लुगड्यानं कमाल केली वो!”

“कायची कमाल?” बयनाबाई म्हणाल्या. “पोरगी काठाले लागली अन् लुगडं टर्रकन फाटलं. सुधाकरराव वाहून जाऊन राह्यले होते. मंग मीच पाण्यात उतरली, त्यायले धरलं. तवाच उजवा खांदा उखडला. आजबी हात वर होत नाही.” मग त्या नवऱ्याकडे वळल्या. “नाडा गाडीत असता तं हे झालं नसतं. काऊन काढला तुमी त्याले?”

“रिवाज धरून बसलो,” पांडुरंगराव खाली मान घालून म्हणाले. “चुकलंच माहं.”

मला आधी आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ऐक म्हटलं, लुगड्या, ऐक! तेवढ्यात बयनाबाईंनी ओलं धोतर माझ्यावर टाकायला हात उचलला. हात खांद्याशीच अडला आणि धोतर मातीत पडलं. माझा आनंद तिथंच विरला. मी माझ्या मानासाठी कुढत होतो, आणि त्या बाईचा हात गेला होता.

त्याच दिवशी पांडुरंगरावांनी मला सोडलं. मी एका जागी झिजलो होतो. तिथं बयनाबाईंनी त्या फाटक्या लुगड्याची पट्टी काढून घट्ट गुंडाळायला लावली. तेव्हापासून आम्ही दोघं बारा महिने गाडीत असतो.

मित्रांनो, वेळेला धावून जाणारी वस्तू जुनी झाली तरी जागेवर ठेवा. नवी येईल तेव्हा येईल, पूर काही पूजेची वाट पाहत नाही.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. वाटेत लोक अजून विचारतात, “हेच काय ते लुगडं?” माझं नाव कोणी घेत नाही, आणि मला अजून थोडं लागतं. पण परवा नाल्याशी गाडी थांबली, तेव्हा बयनाबाईंनी डाव्या हातानं आधी मला चाचपलं. मगच त्या म्हणाल्या, “हाका आता.”