हलव्याची परात

२०१९ सालचा जानेवारी. मुलुंडमध्ये पहाटे जरा गारवा असायचा आणि दहा वाजले की पंखे फिरायला लागायचे. मित्रांनो, त्या महिन्यात माझा जीव जेवढा उबगला, तेवढा उभ्या आयुष्यात कधी उबगला नव्हता. मी प्रधानांच्या घरातली पितळी परात. वयाने जुनी, बुडाला दोन पोचे पडलेले, पण काठ अजून सरळ.

नाशिकच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. क्षमाआजींच्या सासूबाईंनी मला घरी आणलं. पूर्वी वर्षभर मी कणीक मळायच्या कामाची, पण संक्रांत आली की माझा मान मोठा. मला मंद आचेवर ठेवायचं, भाजलेले तीळ माझ्यात पसरायचे, चमचाभर साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांनी हळूहळू फिरवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचा. असं दिवसचे दिवस केलं की तिळाभोवती पांढरे काटे उभे राहतात. हाच हलवा पुठ्ठ्यावर दोऱ्याने बांधून लहान मुलाचे दागिने करतात. मुलाला काळं झबलं आणि ते दागिने घालून पाटावर बसवतात, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओततात. ते बोरन्हाण. या घरातल्या प्रत्येक मुलाचा मुकुट माझ्यातच तयार झाला. आजींच्या मुलाचा, मिहिरचा मुकुट बघायला तर अख्खी इमारत लोटली होती.

आता मिहिरचा मुलगा यज्ञेश अडीच वर्षांचा झाला होता. आधीच्या दोन्ही संक्रांतींना तो तापाने फणफणला, म्हणून बोरन्हाण राहिलं. इकडे आजींची बोटं आखडायला लागली होती.

"आई, बाजारात अख्खा सेट मिळतो," सूनबाई दीप्ती म्हणाली. "बासरीसकट."

"मिळतो गं. पण माझ्या नातवाने दुकानातला मुकुट घालायचा? या वर्षी बोटं वळतायत तोवर करते. पुढच्या वर्षी कोणी सांगावं?"

झालं. माळ्यावरून मला खाली काढलं.

पहिल्या दिवशी काटाच येईना. तीळ नुसते गुळगुळीत, पांढरे पडलेले. दिवसा हवेत गारवा नाही, काटा येणार कुठून? आजोबा, म्हणजे मार्तंडराव, वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "अगं, थंडीच हवी ना? बेडरूममध्ये चल. एसी लाव."

"खाली शेगडी, वर एसी? लोक हसतील मला."

"लोकांना कोण बोलावतंय?"

तेव्हा मित्रांनो, माझं काय झालं असेल ते बघा. बुडाखाली विजेची शेगडी, अंगावर एसीचा झोत. आजी शाल पांघरून जमिनीवर बसलेल्या, शेजारी यज्ञेश कानटोपी घालून. पण काटा आला! बारीक, टोकदार, जुन्या दिवसांसारखा. आजींचा चेहरा असा खुलला की मीही माझं पाठ भाजणं विसरले.

आता या घराची एक रीत आहे. ज्याचं बोरन्हाण, त्याच्या हातचा एक तरी चमचा पाक माझ्यात पडायला हवा. आजवरची मुलं वर्षाच्या आतली. आई त्यांची मूठ धरून चमचा कलता करायची की झालं. यज्ञेश अडीच वर्षांचा आहे, हे मात्र कोणाच्या लक्षातच आलं नाही.

आजींनी त्याची मूठ धरली. त्याने ती हिसडून सोडवली.

"मी! मी एकता कलनार!"

"कर हो राजा. एकच चमचा हं."

त्याने एक चमचा टाकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या आवडल्या म्हणून त्याने पाकाची वाटीच उचलली आणि झाडाला पाणी घालावं तशी सगळी माझ्यात ओतली.

दोन दिवसांचा हलवा क्षणात चिकट गोळा झाला. आजींनी बोटं घालून दाणे सुटे करायचा प्रयत्न केला, पण काटे केव्हाच विरघळले होते.

"वेडा आहेस का तू!" आजी ओरडल्या. यज्ञेश भोकाड पसरून आईला बिलगला.

"आई, त्याच्यावर काय ओरडता? तुम्हीच दिलात ना चमचा?"

"चमचा दिला होता, वाटी नाही!"

"एवढंसं पोर आहे ते! त्याला काय कळतंय?"

"आणि मला? मला कळत नाही का, की माझ्याच्याने हे आता होत नाही?"

मला पाण्यात बुडवून ठेवलं. माझं अंग साखरेने चिकचिकलेलं, मन त्याहून. इतक्या मुलांचे मुकुट केले, आणि नाव जायचं ते याच्या वेळी!

दुसऱ्या दिवशी यज्ञेश पाळणाघरात गेल्यावर दीप्तीने मला घासलं, ऑफिसला सुट्टी टाकली आणि आजींसमोर येऊन बसली. "तुम्ही सांगा, बोटं मी फिरवते." तिची बोटं पोळली. "आई गं, वाट लागली हाताची!" म्हणत तिने रविवारपर्यंत मुकुट, हार आणि बासरी उभी केली.

नोकरीसाठी बंगळूरला असलेला मिहिर रविवारी घरी आला. बिल्डिंगमधली मुलं जमली. बोरं-चुरमुरे भरून मला पाटाजवळ ठेवलं. आजींनी मुकुट नातवाच्या डोक्यावर ठेवला.

"तोचतंय!" यज्ञेशने तो ओरबाडून काढला. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. मिहिर म्हणाला, "अरे, एक फोटो तरी!" दीप्ती रडकुंडीला आली. "यज्ञू, दोन मिनिटं रे!" पोर लालबुंद होऊन किंचाळू लागलं.

मग आजींनी मुकुट उचलला, क्षणभर न्याहाळला आणि दाताने दोरा तोडला. सगळा हलवा माझ्यात, बोरं-चुरमुऱ्यांत सांडला.

"आई! अहो, काय करताय?"

"त्याच्यासाठीच केला होता ना? मग त्याच्याच डोक्यावर जाऊ दे."

आणि मला उचलून त्यांनी सगळं त्याच्या डोक्यावर ओतलं. तो दचकला, मग खदखदून हसला. मुलं तुटून पडली. यज्ञेश त्यांच्यात घुसला, जमिनीवरचा काटेरी हलवा वेचून कुडुमकुडुम खाऊ लागला आणि एक दाणा त्याने आजींच्या तोंडात कोंबला.

त्यानंतर त्या घरात हलवा झाला नाही. मार्तंडराव दोन वर्षांनी गेले. मिहिर आणि दीप्तीने गोरेगावला घर घेतलं, आजींबरोबर मीही तिकडे आले. तिथल्या एका मैत्रिणीच्या बाळासाठी दीप्तीने एकटीने हलवा केला, पण स्टीलच्या परातीत. यज्ञेश आता चौथीत आहे, त्याला यातलं काही आठवत नाही. क्षमाआजींना बोटांनी नीट घासही घेता येत नाही, पण संक्रांतीला माझ्याबद्दल विचारतात.

मी माळ्यावर कांदे-बटाटे सांभाळते. मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी कोणी असेल, तर तिला खाली काढा. मुलं वाजवतील, सांडतील, वाजवू देत. फक्त आधी कल्हईवाला शोधा. कल्हई नसताना हलवा केलात तर तो कळकेल, आणि दोष उगाच एखाद्या पोराच्या माथी जाईल.