मेणकापड

लुंबिनीनं आईच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच उभी राहिली. अकरावीच्या वर्गाला शिकवताना ती हे स्वतःच्या हातावर करून दाखवायची, तेव्हा कातडी लगेच सपाट व्हायची.

सुमनबाईंच्या दुसऱ्या हाताला सलाईन होतं. सकाळी त्यांनी लेकीला ओळखलं नव्हतं. मुखेडची गाडी लागली का, एवढंच विचारत राहिल्या, तेव्हा घाबरून तिनं त्यांना दवाखान्यात आणलं.

"अंगातलं पाणी फार कमी झालंय," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तर हेच शिकवता, मॅडम. तान्ह्या बाळात पाऊण भाग पाणी, या वयात जेमतेम निम्मं. थोडं घटलं तरी झेपत नाही. त्यात म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही."

"हो ना, कळतच नाही," लुंबिनी चटकन म्हणाली.

डॉक्टर गेले. तिनं पदरानं चष्मा पुसला, घातला, परत काढून पुसला.

बाळंतपणाला आलेल्या तिच्या लेकीच्या, महामायाच्या बाळानं मागच्या आठवड्यात एका सकाळी लुंबिनीची कॉलेजची साडी भिजवली होती.

"उघडलं बघा विष्णुपुरी धरणाचं दार!" सुमनबाई म्हणाल्या होत्या आणि घरभर हसू झालं होतं.

त्याच सकाळी सुमनबाईंची गादीही ओली निघाली. तेव्हा कोणी हसलं नाही. गादी गॅलरीत टाकताना लुंबिनी म्हणाली, "आई, मी कॉलेजला जाऊ का गाद्या वाळवत बसू? पाणी जरा बेतानं पीत जा."

"हाव," सुमनबाई म्हणाल्या होत्या.

त्यानंतर उशाचा तांब्या रोज भरलेलाच दिसायचा. तो दिसायचा, पण लुंबिनी आधी गादीवरून हात फिरवायची. कोरडी लागली की तिला बरं वाटायचं.

उन्हं कलताना सुमनबाईंनी डोळे उघडले. या वेळी ओळखलं.

"लुंबे, लई तहान लागलीय गं. कवाधरनं."

लुंबिनीनं घाईघाईनं ग्लास भरला. मानेखाली हात घालून त्यांना उचललं, ग्लास ओठांना लावला. सुमनबाईंनी ओठ मिटून घेतले. सुई नसलेल्या हातानं त्या अंगाखालची चादर चाचपत राहिल्या.

"बाळाचं मेणकापड आणलंस का? आधी खाली टाक. मग पिते."