टेबलावरच्या दोन बंदुका

“आमची बंदूक तुमीनंच सडवली, साहेब,” सुमित्राबाई म्हणाल्या आणि हातातली पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे आदळली. आतला डबा वाजला. “तुमीनंच सडवली, अन् आता आमच्याच माणसाले कोंडून राह्यले.”

ठाणेदार साहेबाने मान वर केली नाही. त्याच्यासमोर दोन बंदुका आडव्या पडल्या होत्या. एक बारा बोरची दुनळी. सुमित्राबाईंचे सासरे रामाजी यांच्या नावाने आलेली, मागून नवऱ्याच्या, बंडूजींच्या नावावर चढलेली. पिकाची राखण करायला म्हणून सरकारनेच तिचं लायसन दिलं होतं. दुसरी बंदूक पाईपची. पंपाच्या पाईपचा तुकडा, वखराच्या मोडक्या दांड्याचा दस्ता, आणि दोघांना आवळून धरणारी तार. तिला लायसन नव्हतं. तिच्यापायी बंडूजी काल दुपारपासून ठाण्याच्या मागच्या खोलीत बाकावर बसले होते.

“बाई, डबा देऊन जा,” साहेब म्हणाला. तो साताऱ्याकडचा, नवीनच बदलून आलेला. “आज दुपारच्या आत वर्ध्याला कोर्टात न्यायचंय त्यांना. विनापरवाना गावठी बंदूक, त्यात विधानसभेची आचारसंहिता. माझ्या हातात काही नाही.”

“हातात काई नाई कसं? दोन दोन बंदुका आहेत तुमच्या हातात.”

दाराशी उभे असलेले रूपराव जमादार हसू दाबायला खोकले. साहेबाने त्यांच्याकडे पाहिलं तसा खोकला थांबला.

खरं तर सगळं या रूपरावांपासूनच सुरू झालं होतं. निवडणूक लागली की लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, असा हुकूम निघतो. रूपराव मोटरसायकलवर गावात येतात, पारावर चहा पितात आणि जाताजाता ओरडतात, “ज्याच्या घरी जे काई हत्यार असन ते आणून द्या बाप्पा! मागून सापडलं तं मी कोनाले ओयखनार नाई.” दरवेळी हेच म्हणतात. ते शब्दशः ऐकणारा माणूस गावात एकच. बंडूजींनी सायकलच्या दांड्याला दोन्ही बंदुका बांधल्या, वरून जुनं धोतर गुंडाळलं आणि भर दुपारी ठाण्यात येऊन दोन्ही टेबलावर मांडल्या. दुनळीची पावती मिळाली. त्यांनी दुसरीचीही मागितली. पावती मागणारा गुन्हेगार त्या ठाण्याने पहिल्यांदाच पाहिला असेल. तरी बसवला.

“साहेब, मी दाखवतो तुम्हाला. दोन मिनिटं द्या फक्त.”

हा धीरज, त्यांचा मुलगा. हैदराबादहून सकाळच्या बसने उतरून तो तडक ठाण्यातच आला होता. डोळे तांबारलेले, शर्ट चुरगळलेला. त्याने पाठीवरच्या बॅगेतून लॅपटॉप काढला. ठाण्यात लोडशेडिंग चालू होतं, पंखा मेलेला होता आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यातली बॅटरीची खूण लाल झाली होती. धीरज तिच्याकडे असा बघत होता जसा माणूस सलाईनच्या बाटलीकडे बघतो.

“मी गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. परदेशातल्या कंपनीचा गेम आहे, आम्ही त्यातली हत्यारं बनवतो. जग जळून खाक झालंय, अशी त्याची गोष्ट आहे. कारखाने नाहीत, सरकार नाही. उरलेली माणसं भंगारातून बंदुका जोडतात.”

“सरकार नाही?” साहेबाने विचारलं.

“गेममध्ये, साहेब.”

“हं.”

“मला दोन बंदुका दिल्या होत्या बनवायला. एक खरी बारा बोर, एक भंगारातली. दसऱ्याला घरी आलो तेव्हा बाबांच्या दुनळीचे सगळीकडून फोटो काढले. आणि ही दुसरी आमच्या गावच्या डोमाजी वेल्डरकडून जोडून घेतली. नुसती फोटोसाठी. पाईपवर गंज कसा दिसतो, तारेवर ऊन कसं पडतं, ते समोर ठेवून काढावं लागतं. खेळणं आहे हो हे.”

डोमाजींनी ती जोडताना विचारलं होतं, “बेटा, हे चालते काय?” धीरज म्हणाला होता, “कॉम्प्युटरात चालते, काका.” त्यावर डोमाजी म्हणाले होते, “मंग बरं हाय. तिकडं डुकरं बी कॉम्प्युटरातलेच असन.” आंगणात बसून सगळे हसले होते. बंडूजीही. फोटो झाल्यावर धीरज हैदराबादला परत गेला आणि पाईपची बंदूक धान्याच्या ढोलीजवळच्या खुंटीवर टांगलेली राहिली.

पडद्यावर चित्र आलं. काळपट आभाळ, मोडलेला पूल, जळालेल्या मोटारी. मध्ये ती पाईपची बंदूक. हुबेहूब. तारेचा वळसासुद्धा तोच. रूपराव साहेबाच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, त्यांच्यामागे चहावाला.

“अरे बाप रे! तेच हाय नं हे! याची गोळी कोनतं बटन दाबलं का निंघते?”

“हे.”

रूपरावांनी बटन दाबलं. लॅपटॉपच्या चिमुकल्या कर्ण्यातून धडाम आवाज आला. समोरून धावत येणारा कसलातरी लांडगा उलटा पडला. चहावाल्याने टाळी वाजवली. रूपरावांनी पुन्हा दाबलं. पुन्हा धडाम. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा आवाज वेगळाच झाला, बंदूक मधोमध फाटली, पडदा लाल झाला आणि ती धरणारे दोन हात खाली गळाले.

“हे काय झालं बे?”

“फुटते ती कधी कधी,” धीरज म्हणाला. “मुद्दामच ठेवलंय तसं. भंगारातली बंदूक आहे, भरवसा नसतो. खेळणाऱ्याला प्रत्येक वेळी भीती वाटली पाहिजे.”

सुमित्राबाई बंदुकीकडे पाहतच नव्हत्या. त्या हातांकडे पाहत होत्या. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. विळ्याने. ज्वारीच्या सोंगणीत विळा लागला तेव्हा त्यांनीच लुगड्याची चिंधी फाडून तो अंगठा बांधला होता.

“हे कोणाचे हात होय रे?”

“बाबांचे. बंदूक धरायला लावून फोटो काढले होते नं तेव्हा, तेच वापरले.” तो थोडा लाजला. “कंपनीतल्या साहेबांना आवडले आमच्या. म्हणे असे हात कुठून आणले.”

सुमित्राबाईंनी पदराने तोंड पुसलं. उगाच. तोंडाला काही लागलेलं नव्हतं.

साहेब मागे टेकला. त्याच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली होती. हे धीरजने पाहिलं आणि तो पुढे सरकला.

“तुम्हीच सांगा साहेब, ही खरी बंदूक असती तर त्यांनी स्वतः आणून दिली असती का? लपवली असती ना? कोणता गुन्हेगार सायकलवर बंदूक आणून पावती मागतो?”

“हे मात्र खरं आहे.”

“नागपूरच्या लॅबला पाठवा ना तपासायला! आजच पाठवा. मी लिहून देतो. तिच्यातून आजपर्यंत काही उडालेलं नाही, उडूच शकत नाही—”

त्याचा शर्ट मागून ओढला गेला. सुमित्राबाईंनी मुठीत धरला होता.

“गप बस.”

“आई, थांब नं. साहेब ऐकून राह्यले.”

“गप बस म्हणते नं तुले.”

धीरजला कळेना. त्याला कळायचं काही कारणही नव्हतं. तो दसऱ्यानंतर गेला होता, आणि डुकरं त्यानंतर आली होती.

ज्वारी हुरड्यात आली की नदीकाठच्या बाभळीतून डुकरांचा कळप दिवस बुडायच्या आत निघतो. खातो थोडं, लोळून मोडतो जास्त. बंडूजी बरीच वर्षं खांद्यावर दुनळी टाकून शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून फिरत. पण त्या दुनळीचा चाप कधीच गंजून बसला होता. लोकसभा आली की ती ठाण्यात, विधानसभा आली की ठाण्यात, झेडपी, ग्रामपंचायत, मध्येच कुठली पोटनिवडणूक, की ठाण्यात. जमा केलेला माल ठेवायच्या खोलीचं, मालखान्याचं छप्पर गळकं. प्रत्येक वेळी बंदूक परत यायची ती आधीपेक्षा तांबडी होऊन. बंडूजी घासलेट लावून घासत बसायचे. एका निवडणुकीनंतर घासूनही काही उपयोग झाला नाही. ही गोष्ट त्यांनी गावात कोणालाच सांगितली नाही. रामाजींची बंदूक मेली हे सांगायचं कसं? ते तशीच मेलेली खांद्यावर घेऊन फिरत राहिले. काही दिवस डुकरं भ्यायली. मग त्यांनाही समजलं.

आणि मग एका संध्याकाळी सुमित्राबाईंनी वावरातून आवाज ऐकला. धावत गेल्या तर बंडूजी धुऱ्यावर उभे, हातात ढोलीजवळची ती पाईपची, भोवती धूर. दिवाळीसाठी आणलेला सुतळी बॉम्ब त्यांनी नळीत टाकला होता. कळप नदी ओलांडून गेला होता. बंडूजी लहान पोरासारखे हसत होते. “आवाजच तं करते, धीरजची माय. गोळी थोडीच हाय?” दुसऱ्या वेळी तारेचा एक वेढा सुटला. सुमित्राबाईंनी पाया पडून सांगितलं, नका करू. त्यांनी तार पुन्हा आवळली. त्या दिवसापासून दिवस कलायला लागला की सुमित्राबाईंचा हात चुलीपाशी थांबायचा. आवाज येईल म्हणून भीती, आणि आवाज आल्यावर माणसाची हाक येईपर्यंत आणखी भीती.

ती चालत होती, हत्यार झाली होती, म्हणून तर बंडूजींनी ती ठाण्यात आणली. ती खोटी असती तर खुंटीवरच राहिली असती. धीरजचा सगळा मुद्दा उलटा होता, आणि पोरगा तो तावातावाने आपल्याच बापाच्या गळ्यात बांधत होता.

लॅपटॉपचा पडदा विझला. बॅटरी संपली.

साहेबाने पाईपची बंदूक उचलली. इकडून तिकडून फिरवली. मग काय वाटलं कोणास ठाऊक, त्याने नळीचं तोंड नाकाशी नेलं. करंगळी आत घालून बाहेर काढली. करंगळी काळी झाली होती. त्याने ती आधी स्वतः पाहिली, मग धीरजसमोर धरली.

“हे काय आहे?”

धीरज करंगळीकडे पाहत राहिला. मग आईकडे. आईने नजर दिली नाही, आणि त्याला समजलं.

“वेल्डिंगचं असन,” तो म्हणाला. “वेल्डिंग केल्यावर काळं होते, साहेब. वासपण येते.”

साहेब काही बोलायच्या आत मागच्या खोलीतून खोकला आला आणि पाठोपाठ बंडूजींचा आवाज.

“नाई साहेब. बारुदीचं होय ते. मीनं सुतळी बॉम्ब फोडला होता दोनदा. पोट्ट्याले मालूम नाई.”

रूपरावांनी कपाळाला हात लावला. “आता या माणसाले काय म्हनाव!”

“बाबा!” धीरज ओरडला.

“खोटं नोको बोलू बेटा. तुही नोकरी जाईन अशानं.”

साहेबाने खिशातला रुमाल काढून करंगळी पुसली. मग पेन उचललं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट जरा ओशाळल्यासारखं होतं. पण पेन उचललं ते उचललंच. “मग आता मी काय करू, बाई? त्यांनी स्वतःच कबूल केलं. ही चालते. चालते म्हणजे बंदूकच झाली.”

“चालते ते बंदूक?”

“कायद्याने तसंच आहे.”

सुमित्राबाईंनी डबा बाजूला सरकवला. दुनळी दोन्ही हातांनी उचलली. रूपराव पुढे झाले, पण त्यांनी फक्त ती फिरवून दस्ता साहेबाकडे केला.

“वढा चाप.”

“बाई—”

“भरेल नाई. पाहून घ्या उघडून. अन् वढा.”

साहेबाने रूपरावांकडे पाहिलं. रूपराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. साहेबाने बोट घातलं आणि चाप ओढला. हलला नाही. दोन बोटं घालून ओढला. टेबलावरच्या कोऱ्या कागदावर तांबडा चुरा सांडला. बाकी काही झालं नाही. चहावाला रिकामे कप घेऊन हळूच बाहेर सटकला.

“हिचं लायसन आहे,” सुमित्राबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढलेला नव्हता. धीरजने आईचा असा आवाज आधी ऐकला नव्हता. “हिची पावती तुमी दरसाली देता. हिले पाहून आमाले कोनी चोर म्हनत नाई. अन् हे चालत नाई, काऊन का तुमच्या छपराखाली मेली. दुसरी चालते, तं म्हनता गुन्हा. ते हातात फुटली असती तं त्याचा बी पंचनामा तुमीच केला असता. माह्या माणसाचे ते दोन हात उचलून नेले असते तुमीनं.”

मागच्या खोलीत बाक करकरला.

“आज दिवस कलला का डुकरं निंघतीन. त्यायले आचारसंहिता नाई. वावरात आज कोनीच नाई उभं.” त्यांनी दुनळी पाईपशेजारी ठेवली, नीट, नळीला नळी लावून, जशी बंडूजींनी काल ठेवली असेल. “मी शिकलेली नाई साहेब. मले या दोनीतलं काई समजत नाई. तुमी शिकलेले, तुमी बोट ठेवा. मंग न्या माह्या माणसाले कुठं न्याचं तिथं.”

साहेबाचं पेन कागदावर टेकलेलं होतं, त्या तांबड्या चुऱ्यात.

“ठेवा नं बोट. यातली बंदूक कोनती?”