चिमटा काढणारा औषधांचा डबा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि अशी कल्पना करा. तुम्ही आयुष्यभर एक महत्त्वाचं काम जिवापाड जपून केलं आहे. एका सकाळी कुणीतरी तुम्हाला उचलतं, उलटं करून झटकतं आणि तुमच्या पोटात मूठभर गंजके स्क्रू ओततं. वर कौतुकाने म्हणतं, "चला, हा पण कामाला आला." कसं वाटेल तुम्हाला?

मला तसंच वाटलं. मी एक जुना, पत्र्याचा, औषधांचा डबा आहे, आणि त्या सकाळी मी सूड घ्यायचं ठरवलं.

डबा काय सूड घेणार, असं म्हणून हसू नका. ज्याच्याकडे दात नाहीत त्याच्याकडेही काहीतरी असतंच. माझ्याकडे माझा खटका आहे.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या पत्र्याच्या दुकानात झाला. तिथला कारागीर तेलाच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून पेट्या आणि नरसाळी बनवायचा. मला बनवताना त्याचं लक्ष कुठे होतं कोण जाणे, माझा खटका जरा वाकडा बसला. मला उघडायचं तर आधी झाकणाचा डावा कोपरा अंगठ्याने दाबावा लागतो आणि मगच खटका उचलावा लागतो. नुसता ओढला तर मी उघडत नाही. उलट ओढणाऱ्याच्या बोटाचं कातडं पत्र्यात सापडतं. गिऱ्हाइकं मला उचलत, बोट चोखत आणि परत ठेवून देत. कारागीर वैतागून म्हणायचा की हा डबा नव्हे, खेकडा आहे.

मग एक दिवस आत्या आली. तेव्हा ती कुणाची आत्या नव्हती, नुसतीच शिवण शिकवणारी बाई होती. गावोगाव फिरून ती मुलींना कापड बेतायला आणि शिवायला शिकवायची. मी तिलाही चिमटा काढला. तिने बोट झटकलं, हसली आणि कारागिराला म्हणाली, "मला असाच हवा. बसच्या धक्क्याने उघडणारा डबा काय कामाचा?"

तिने माझ्या पोटात मऊ कापडाचं अस्तर शिवलं. झाकणाच्या आत इलॅस्टिकचा छोटा खिसा लावला. त्यात डॉक्टरांची चिठ्ठी बसायची. आत्याला लहानपणापासून फिट येण्याचा आजार होता. गोळ्या वेळेवर घेतल्या की ती तुमच्याआमच्यासारखीच ठणठणीत असे. चुकल्या की मात्र कुठे काहीही जळत नसताना तिला जळक्या दोऱ्याचा वास यायचा. मग तिचा डावा अंगठा उडायला लागायचा. त्यापुढचं तुम्हाला सांगत नाही. मी एकदाच पाहिलं आहे.

म्हणून तिचे काही नियम होते. गोळी खायच्या वेळेपर्यंत तिच्या पाकिटातून काढायची नाही. पट्टीच्या ज्या टोकाला औषधाचं नाव छापलेलं असतं, त्याच्या उलट्या टोकाकडून सुरुवात करायची, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत नाव शाबूत राहतं. लागतील त्यापेक्षा चार गोळ्या जास्तच घ्यायच्या, कारण गाडीला उशीर होतो, आजाराला होत नाही. आणि डबा बसायचा तो मांडीवर. टपावर नाही, डिकीत नाही, उन्हाच्या खिडकीत तर नाहीच. त्या मांडीवर बसून मी किती रस्ते पाहिले! घाटात सगळी बस ओकत असायची आणि मी आपला अस्तरात गोळ्या धरून शांत. औषधांच्या दुकानातला माणूस मला काउंटरवर उघडा ठेवून बाकीच्या गिऱ्हाइकांना दाखवायचा, हे बघा, औषध असं न्यायचं असतं. तेव्हा माझा पत्रा नुसता चमकायचा.

आत्या थकली तशी फिरती थांबली. ती आपल्या धाकट्या भावाकडे राहायला आली आणि मी तिच्या कपाटावर. भावाला एक मुलगी होती. घरात तिला सगळे खारूताई म्हणत, कारण हाताला लागेल ती वस्तू ती कुठेतरी दडवून ठेवी. मला उघडायची युक्ती आत्याने फक्त तिला शिकवली होती.

आता माझ्या शत्रूची ओळख करून देतो. आत्याचा हा भाऊ, म्हणजे खारूचे बाबा, एका मोठ्या गोदामात माल बांधायचं काम करायचे. लाकडी खोक्यात यंत्रांचे भाग असे बसवायचे की मुंगीला शिरायला फट राहू नये. त्यांचं एकच तत्त्व होतं: खोक्यात हवा भरायची नसते. घरातही तेच. सुटकेस बांधताना ते बुटांत मोजे कोंबत, मोज्यांत साबण कोंबत, आणि बिस्किटांची पाकिटं सुईने टोचून त्यातली हवा काढून टाकत. बिस्किटांचा चुरा व्हायचा, पण जागा वाचायची.

एके दिवशी समुद्रापलीकडून आत्याच्या जुन्या विद्यार्थिनीचा निरोप आला. तिने तिकडे शिवणशाळा काढली होती. पहिला धडा बाईंनीच द्यायचा, त्याशिवाय शाळा उघडणार नाही, असा तिचा हट्ट होता. कितीतरी वर्षांनी आत्याने कात्रीला धार लावून घेतली. तिघांनी बोटीने जायचं ठरलं. आत्या, बाबा आणि खारू.

त्या आनंदात बाबांनी आपल्या ताईसाठी एक भेट आणली. निळ्या प्लॅस्टिकची डबी. सात कप्पे, सात झाकणं, प्रत्येकावर एक वार. आरपार दिसणारी, पोटातलं गुपित जगाला दाखवत मिरवणारी. आणि मी? मला कपाटावरून काढलं, झटकलं, आणि माझ्या अस्तरात, आत्याने हाताने शिवलेल्या अस्तरात, स्क्रू ओतले. मला उघडता येईना तेव्हा बाबांनी पेचकस वापरला होता, हेही लक्षात असू द्या. मी ते विसरलेलो नाही.

प्रवासाच्या आदल्या दुपारी बाबा टेबलाशी बसले आणि एकेक गोळी पट्टीतून फोडून निळ्या डबीत टाकू लागले. टप, टप, टप. आत्या जवळ येऊन म्हणाली, "अरे, पाकिटांत राहू देत ना."

"ताई, तुला गोळ्या खायच्यात की पाकिटं?" असं म्हणून ते मनापासून हसले.

आत्या आपली कात्री बांधायला वळली. भाऊ एवढ्या हौसेने करतोय, कशाला मोडता घाला, असं तिला वाटलं असणार. मी समोरच्या फळीवरून सगळं बघत होतो. तिची फिटची गोळी पांढरी आणि गोल. रक्तदाबाची गोळीही पांढरी आणि गोल. पट्टीत होत्या तोवर जुळ्या बहिणींना नावं तरी वेगळी होती. आता त्या एकमेकींच्या अंगावर लोळत होत्या आणि त्यांची नावं केराच्या टोपलीत चालली होती. मी मनात म्हणालो, टाका. अजून टाका. तुमचा दिवस येईल.

निळी डबी काठोकाठ भरली. फिटच्या गोळ्यांची अर्धी पट्टी तेवढी उरली. ती घरीच राहू दे म्हणून बाबा उठून गेले. तेव्हा आत्याने माझ्यातले स्क्रू एका कागदावर ओतले, अस्तर पुसलं आणि ती अर्धी पट्टी माझ्यात ठेवली. डॉक्टरांची चिठ्ठी खिशात सरकवली आणि मला खारूच्या हातात दिलं.

"हा तुझ्या दप्तरात ठेव," ती म्हणाली. "बाबांपासून लपवायचं नाही. पण त्यांनी विचारल्याशिवाय सांगायचंही नाही."

खारूला असं काम मिळालं म्हणजे काय विचारता! तिने मला दप्तराच्या तळाशी, रंगपेटीखाली दडवलं.

सकाळी निघायची घाई झाली. निळी डबी सुटकेसच्या मधोमध, बुटांच्या आणि टॉवेलच्या बेचक्यात घट्ट बसवलेली, वरून दोरी करकचून आवळलेली. आत्याने गोळी मागितली तर बाबा म्हणाले की आता दोरी कोण सोडणार, बोटीत बसल्यावर घे. आत्याने खारूच्या दप्तराकडे एकदा पाहिलं आणि तीही थांबली. तेवढ्याने काय होतंय, असं तिला वाटलं.

बंदरावर सामानाची तपासणी होती. लांब पत्र्याची शेड, दमट हवा, पुढे सरकता न सरकणारी रांग. उभं राहून सगळ्यांचे पाय दुखायला लागले. शेवटी आमचा नंबर आला आणि तपासणी करणाऱ्या बाईंनी सुटकेस उघडायला सांगितली. दोरी सुटताच बुटांतून मोजे आणि मोज्यांतून साबण असं सगळं टेबलभर उसळलं. मागच्या रांगेत हशा पिकला. मग निघाली निळी डबी.

बाईंनी ती उजेडाकडे धरली. या गोळ्या कसल्या, असं त्यांनी विचारलं. बाबांनी ऐटीत सांगितलं की ताईच्या आहेत, सात दिवसांच्या, वारानुसार लावल्यात.

"ते दिसतंय. ही कसली?" बाईंनी एक पांढरी गोळी पुढे केली.

"रक्तदाबाची."

"आणि ही?"

बाबांनी दोन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या. डोळ्यांजवळ नेल्या. पालथ्या केल्या. मित्रांनो, खोक्यात मुंगीएवढीही फट न ठेवणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी इतकी मोठी रिकामी जागा कधीच पाहिली नव्हती. दप्तराच्या तळाशी उसवलेल्या फटीतून मी ती डोळे भरून पाहिली. हेच हवं होतं मला! बाई म्हणाल्या की ज्याचं नाव नाही, पाकीट नाही, चिठ्ठी नाही, ते मी जाऊ देऊ शकत नाही. त्यांनी डबी बाजूच्या ट्रेमध्ये ठेवली. बाबांनी विनवण्या केल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, "समजा, मी परत दिली. यातली कोणती द्याल तुम्ही त्यांना?"

तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला.

"कुणाचा दोरा जळतोय का रे?"

माझा सगळा आनंद जागच्या जागी थिजला. तो वास मला ठाऊक होता. आत्या बाकावर टेकली. तिचा डावा अंगठा उडत होता. तपासणीच्या बाईंनी शिपायाला बंदरावरच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी आत्याला कुशीवर निजवलं आणि विचारलं की कोणतं औषध चालू आहे, किती ताकदीचं, शेवटचं कधी घेतलं. बाबा ट्रेमधल्या डबीकडे बोट दाखवत "पांढरी गोळी, पांढरी" एवढंच म्हणत राहिले.

"नाव सांगा हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पांढरं म्हणजे काय नाव झालं?"

खारूने दप्तर जमिनीवर उलटं केलं. रंगपेटी पडली, खोडरबरं पडली आणि खडखडत मी पडलो. बाबांनी माझ्यावर झडप घातली आणि खटका ओढला.

मी चावलो. अगदी हाडापर्यंत. मी घडलोच तसा आहे. ओढणाऱ्याला मी कधी उघडलेलो नाही आणि त्या माणसाला तर नाहीच. त्यांनी नखाने ओढलं, किल्लीने उचकटलं, बोटातून रक्त आलं. पेचकस कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. तो सुटकेसच्या तळाशी होता.

"बाबा, ओढू नका ना त्याला," खारू म्हणाली. "दाबायचं असतं."

तिने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. डाव्या कोपऱ्यावर तिचा लहानसा अंगठा आला, आणि मी लोण्यासारखा उघडलो. आत अर्धी पट्टी होती, नावासकट. खिशात चिठ्ठी होती. डॉक्टरबाईंनी एकदा वाचलं, मान डोलावली आणि आपल्या पेटीतून नेमकं हवं ते काढून आत्याला दिलं. मग तो अंगठा हळूहळू शांत झाला.

आमची बोट तोवर निघून गेली होती. चिठ्ठी दाखवून गोळ्यांच्या नव्या पट्ट्या घेतल्या आणि संध्याकाळच्या बोटीपर्यंत आम्ही त्याच बाकावर बसलो. मी पुन्हा आत्याच्या मांडीवर होतो. बाबा शेजारी, बोटाला पट्टी बांधून.

"ताई, तू मला सांगितलं का नाहीस?" ते म्हणाले.

"सांगितलं होतं," आत्या म्हणाली. "तू हसलास."

मित्रांनो, माझ्या चिमट्यापेक्षा तो चिमटा खोल गेला. थोड्या वेळाने बाबांनी खारूकडून मला उघडायची युक्ती शिकून घेतली. पहिल्या खेपेला त्यांचं बरोबर जमलं होतं. तरीही मी एक छोटासा चिमटा काढलाच. पेचकसाबद्दल.

पलीकडे शिवणशाळेचा पहिला धडा एक दिवस उशिरा झाला, पण आत्यानेच दिला.

एवढी गोष्ट ऐकलीत, तर माझं एक मागणं आहे. घरातलं कुणी गावाला निघालं की त्यांचं औषध त्यावरच्या नावासकट बांधा. चिठ्ठी सोबत ठेवा, चार गोळ्या जास्त ठेवा, आणि ते हाताशी ठेवा. खुशाल म्हणा की एका खुनशी डब्याने सांगितलं.

आणि निळी डबी? बंदरावर ती रिकामी करून परत दिली होती. बाबा ती कचऱ्यात टाकायला निघाले तेव्हा खारूने ती मागून घेतली. मला वाटलं, लागली हिला दया यायला. तिने ती दप्तरात दडवून ठेवली.

घरी परतल्यावर तिने कागदावर ओतलेले ते स्क्रू शोधून काढले. जमिनीवर मांडी घालून बसली आणि एकेक झाकण उघडून सातही कप्प्यांत स्क्रू ठासून भरले. मग ती बाबांकडे गेली, डबी त्यांच्या कानाशी धरून हलवली आणि म्हणाली, "बाबा, बघा बरं, कुठे हवा राहिली नाही ना?"