कानात सांगितलेला आकडा

आमच्या सान रोके गावाच्या बास्केटबॉल कोर्टात त्या शनिवारी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. पत्र्याखाली उकडत होतं, आया हातपंख्यांनी वारा घेत होत्या, फाटकाशी तळलेल्या केळ्यांची गाडी लागली होती, आणि प्रत्येक पोराच्या मुठीत एक कोरी पिवळी पेन्सिल. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं होतं. निदान त्यांच्या आयांना तरी तसं हवं होतं.

मंचावर प्रोफेसर ओलेगारियो. कशाचे प्रोफेसर, हे मी कधीपासून विचारतेय, अजून कोणी सांगितलेलं नाही. अंगात पांढराशुभ्र, झिरझिरीत बारोंग सदरा, डोक्याला चपचपीत तेल, समोर जळती मेणबत्ती. पोरगं पुढे आलं की त्याची पेन्सिल ते धुरावरून फिरवायचे, नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि माइकवर गरजायचे, "आकडा मी सांगत नाही! पेन्सिल सांगते! मी नुसता पोस्टमन!"

मग माइक बाजूला, पोराच्या कानाशी तोंड आणि पुटपुट. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत हे पोर शंभरातल्या किती जणांना मागे टाकणार, तो आकडा. आणि लगेच माइकवर दम, "कोणाला सांगायचा नाही! आईला नाही, पाद्रीबाबांना नाही! जिभेवरून सुटला की उसोग लागलाच म्हणून समजा!"

उसोग म्हणजे आमच्याकडची दृष्ट. इथे तान्ह्या पोराला कोणी गोड म्हटलं, तरी आई त्या माणसाची थुंकी पोराच्या पोटाला लावून घेते. अशा गावात 'आकडा फोडू नका' म्हटलं की पोरं दातखीळ बसल्यासारखी गप्प राहणार, हे त्या गृहस्थांना पक्कं ठाऊक.

चौकापासून धक्क्यापर्यंत त्यांच्या क्लासचे फलक लागले होते. हसरे चेहरे, पांढरे कोट, खाली 'प्रोफेसरांचा आकडा खरा ठरला!' मी, बॅसिलिसा, या गावात जन्मभर गणित शिकवलं. फलकावर कोण आहे याच्याशी मला देणंघेणं नाही. कोण नाही, ते मी बघते.

माझ्या शेजारच्या नेनिताची मुलगी लुआल्हाती मंचावरून उतरली ती रडतच. नेनिता बाचोय विकते. तिच्या शेवयांच्या रश्शासाठी धक्क्यावरचे लोक रांग लावतात. तिनं पोरीचा चेहरा बघितला आणि पंखा मिटला.

"काय गं? काय म्हणाले?"

"यंदा परीक्षेला बसू नकोस म्हणाले. पुन्हा क्लास कर, पुढच्या वर्षी बघू."

मला धसकाच बसला. प्रांताच्या इस्पितळानं यंदा आमच्या गावच्या एका मुलीसाठी जागा ठेवली होती, आणि गावानं लुआल्हातीचं नाव दिलं होतं. फुकट शिक्षण, मग गावातच डॉक्टरकी. अट एवढीच, की यंदाच्या परीक्षेत पन्नासच्या वर आकडा हवा. पुढच्या वर्षी ती जागा दुसऱ्या गावाला जाणार होती.

मी पोरीला केळ्यांच्या गाडीमागे गाठलं. "आकडा किती सांगितला?"

"मॅम, सांगायचं नसतं. उसोग लागेल."

"माझा कसला उसोग? मी जन्मात कोणाचं कौतुक केलंय का? विचार गावाला!"

रडता रडता ती हसली. "बत्तीस," ती कुजबुजली.

"आणि क्लासच्या सराव परीक्षांत काय पडायचे?"

"सत्तरच्या आसपास. शेवटच्या एकीत बत्तीस. डेंग्यूतून उठून तशीच गेले होते, मॅम. अक्षरं नाचत होती."

"अस्सं! म्हणजे तुझ्या पेन्सिलीनं शेवटचा पेपर वाचला होता तर!"

बाकीच्यांच्या पेन्सिलींचं काय, हा किडा मग डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली रविवारची मिस्सा संपल्यावर त्याच कोर्टात प्रोफेसरांच्या आभाराची सभा होती. गेल्या वर्षीची सगळी पोरं आयांसकट हजर. मी मंचावर चढले. "प्रोफेसर, तुमच्याबद्दल दोन शब्द बोलू?" बिचाऱ्यांना वाटलं, म्हातारी शेवटी ताळ्यावर आली. स्वतःच्या हातानं त्यांनी मला माइक दिला.

"गेल्या वर्षी ज्यांनी परीक्षा दिली, त्यांनी डोळे मिटा," मी म्हटलं. "घट्ट. एल्मर, बोटांच्या फटीतून बघू नकोस, तू पाचवीतही हेच करायचास. आयांनी मात्र डोळे उघडे ठेवा. आता ज्यांना कानात सांगितला तेवढाच आकडा पडला, त्यांनी हात वर करा."

पाच-सहा हात वर आले. फलकांवरचेच चेहरे.

"हात खाली. ज्यांचा आकडा चुकला, त्यांनी वर करा."

आधी एक हात उठला, मग दोन, मग भाताच्या शेतासारखे सगळीकडून हातच हात. एका आईच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं आणि पोरांनी डोळे उघडले. एकमेकांच्या हातांकडे बघतच राहिली.

"तुझाही?" एल्मर शेजारच्याला म्हणाला. "मला वाटलं, माझा एकट्याचाच चुकला! मी फक्त आमच्या डुकराला सांगितला होता. प्रोफेसर म्हणाले, तेवढ्यानंच बाधला!"

"मी तर डुकरालाही नव्हता सांगितला! मला म्हणाले, झोपेत बरळला असशील!"

हसण्याचा असा गलका उठला की पत्रा थरथरला. प्रोफेसर ओरडले, "श्रद्धा कमी पडली! पेन्सिलीचा अपमान होतोय!"

"पेन्सिलीचं राहू द्या," मी म्हटलं. "इतक्या जणांनी दगड मारल्यावर चार आंबे पडणारच. ते चार तुम्ही फलकावर लावलेत. ज्यांचे चुकले, त्यांच्या तोंडाला उसोगचं कुलूप घातलंत, आणि प्रत्येक पोर आपल्यालाच दोष देत घरी बसलं. सराव परीक्षेत ज्यांना कमी पडले त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाहीत. मग तुमचा आकडा खोटा पाडणार कोण?"

प्रोफेसरांनी मेणबत्ती विझवली आणि ते घाम पुसायला रुमाल शोधू लागले.

तेवढ्यात नेनिता उठली. तिला हसू येत नव्हतं. "मॅम, मग आमची पोरगी पास होईल का? तुम्ही सांगा. नक्की सांगा."

सगळ्या आया माझ्याकडे वळल्या. माझ्याकडेही आता आकडाच मागत होते मेले!

"नक्की मला माहीत नाही, नेनिता."

"हे तर नक्की सांगत होते!"

"म्हणून तर मला संशय आला. तू रस्सा चाखतेस ना? एका चमच्यानं मीठ कमी की जास्त ते कळतं. पातेल्यात मिठाचे खडे किती, ते कळतं का? सराव परीक्षा तशीच असते. पोर साधारण कुठे आहे ते ती सांगते, दहा इकडे, दहा तिकडे. आणि तापानं तोंड कडू असताना चाखलेल्या एका चमच्यावरून तू अख्खं पातेलं ओतून देशील का?"

 नेनिता लेकीचा हात धरून म्हणाली, "चल घरी. अभ्यासाला बस. परीक्षा द्यायची आहे."

लुआल्हातीनं परीक्षा दिली. निकालाच्या दिवशी ती फोन हातात धरून धक्क्यावरून धावत आली आणि होड्यांपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "एकसष्ट! आई, एकसष्ट!" बत्तीस नाही, सत्तरही नाही. जागेपुरता मात्र भरपूर. नेनितानं सवयीनं पुटपुटलं, "उसोग न लागो," आणि मग लाजून माझ्याकडे बघितलं.  मला रडू येत होतं.

आकडा ओरडून सांगितला, तरी पोरीचं काही वाकडं झालं नाही. आता ती पांढरा कोट घालते. आणि तुम्हाला माझं इतकंच सांगणं आहे, की कोणी तुमच्या लेकराचं भविष्य कानात सांगू लागला, तर हात जोडून म्हणा, "बाबा, जरा मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू द्या."